पुळणीवरचा राखणदार

माझ्या मावशीच्या यजमानांनी आजवर जितक्या माणसांना वाट चुकवली आहे, तितकी आमच्या भागातल्या सगळ्या चकव्यांनी मिळूनही चुकवली नसेल. चकवा बिचारा तिन्हीसांजेला एकट्यादुकट्याला गाठतो, एखाद्या झाडाभोवती फिरवतो आणि सोडून देतो. आमचे काका भर दुपारी, अंगणात खुर्ची देऊन, कोकमाचं सरबत पाजून, समोरच्याचं गाव-गोत विचारून मग त्याला चुकवतात आणि वर फाटकापर्यंत सोडायला जातात. आयुष्यभर त्यांनी हायस्कुलात भूगोल शिकवला. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आजही झोपेतून उठवलं तर जिल्ह्यातल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत सांगतात. निवृत्त झाल्यावर मात्र काकांनी हे सगळं ज्ञान एकाच कामाला जुंपलं. घरामागच्या टेकडीपलीकडे जे तळं आहे, त्याच्या काठच्या पुळणीवर बाहेरच्या माणसाचा पाय पडता कामा नये.

हे तळं मालवणपासून आत, एसटीने तासाभरावर आहे. लोकांना माहीत आहे तो त्याचा बांध. तिथे देऊळ आहे, एसटीचा थांबा आहे, चहाचं दुकान आहे आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढायला जागा आहे. पण समोरच्या अंगाला, जिथे डोंगरातला ओहोळ तळ्यात उतरतो, तिथे त्याने वर्षानुवर्षं रेती आणून टाकली आहे आणि तिची चांगली रुंद, पांढरी पुळण झाली आहे. मागे उंडीची झाडं, पुढे तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी आणि मध्ये ही वाळू. समुद्राची पुळण असते तशीच, फक्त लाट नाही. उशाशी अख्खा समुद्र असलेल्या आमच्या माणसांना तळ्याच्या वाळूचं कौतुक कुठून असणार? त्यामुळे ती जागा कित्येक वर्षं कोणाच्या ध्यानातच आली नाही. मग कोणीतरी डोंगरावरून काढलेला फोटो फोनवर टाकला आणि गाड्या यायला लागल्या. फोनमधला नकाशा माणसाला बांधापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे विचारायचं, तर पहिलं घर काकांचं.

पुण्याचं एक कुटुंब असंच आलं. काकांनी त्यांना बसवलं, सरबत दिलं आणि अंगणातल्या मातीत काठीने सुरेख नकाशा काढून दाखवला. वडाकडून डावीकडे, साकवावरून सरळ, शाळेच्या मागून उजवीकडे. एकही वळण चुकीचं नव्हतं. फक्त तो रस्ता मालवणच्या धक्क्यावर जाऊन संपत होता. त्या मंडळींनी तिथे तळलेले बांगडे खाल्ले, होडीतून फिरून आले आणि पुढच्या वर्षी बाकरवडीचा पुडा घेऊन काकांचे आभार मानायला आले. त्यांच्यातले आजोबा म्हणाले, "तुमचं तळं फारच मोठं निघालं हो." काकांनी पुडा घेतला आणि यंदा अजून एक जागा बघून या म्हणून त्यांना वेंगुर्ल्याच्या वाटेला लावून दिलं. मोटरसायकलवाल्या पोरांना ते सरळ आंबोलीला पाठवत. पावसाळ्यात पाठवलेल्यांना तिथे पाणी भरपूर मिळालं, तेव्हा त्यात फसवणूक कसली, असं त्यांचं म्हणणं.

वाट चुकवणं जमण्यासारखं नसेल तेव्हा काका तळ्याची बदनामी करीत. पाण्यात सुसरी आहेत, वाळूत गोचिडी आहेत, त्या पाण्याने अंगाला खाज सुटते आणि ती सहा महिने जात नाही. हे सांगताना ते स्वतःचा दंडही थोडा खाजवत. एकदा शेजारच्या मुलीला बघायला कुडाळहून पाहुणे आले होते. मुलगी पसंत पडली, पोहे झाले आणि मुलाच्या बापाने सहज विचारलं की इथे जवळ एक छान तळं आहे म्हणे. काका तिथे वडीलधारे म्हणून बसले होते. त्यांनी गावातल्या डासांचं आणि त्यातून येणाऱ्या तापाचं असं वर्णन केलं की पाहुण्यांचा चेहराच उतरला आणि बैठक 'कळवतो' या शब्दावर मोडली. शेजारीण रडकुंडीला आली. शेवटी मावशीने दटावून काकांना दुसऱ्या दिवशी कुडाळला पाठवलं. तिथे त्यांनी आपण सांगितलेले डास शेजारच्या गावचे होते अशी दुरुस्ती केली. लग्न झालं. मुलगी सुखात आहे, पण तिचा सासरा अजून आमच्या गावी मुक्कामाला राहत नाही.

एवढी सगळी खटपट कशासाठी, असं मीही त्यांना एकदा वैतागून विचारलं होतं. मी सावंतवाडीला असते. माझ्या मैत्रिणी तळं बघायला जाऊन भलत्याच गावी पोचल्या की बोलणी मला खावी लागतात. त्या संध्याकाळी काका मला मावशीबरोबर पुळणीवर घेऊन गेले आणि मला ते आपोआप कळलं.

मावशीचे कान गेली काही वर्षं दगा देत आहेत. डॉक्टरांनी मशीन दिलं आहे, पण ते मशीन फार समदृष्टीचं आहे. मिक्सर, पंखा, कावळा, शेजारचा टीव्ही, रस्त्याने जाणारे चिऱ्यांचे ट्रक आणि काका हे सगळे आवाज ते सारख्याच मोठेपणाने आत सोडतं. त्या गदारोळात काका काय म्हणाले ते मावशीला नेमकं कळत नाही. ती नुसतं हसून मान हलवते आणि काकांना तिचं हे हसणं मुळीच सहन होत नाही. पुळणीवर मात्र दुसरा आवाजच नाही. पाणी वाळूला लागतं तेवढंच, नाहीतर एखादा खंड्या. तिथे काकांचा आवाज तिला सरळ, पूर्ण, पूर्वी यायचा तसा येतो. म्हणून रोज उन्हं उतरली की दोघं टेकडीची पायवाट धरत, उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन वाळूत बसत आणि दिवसभराचं बोलणं तिथे बोलत. दुपारी घरात काही आठवलं की काका हाताने खूण करीत, ता पुळणीर सांगतंय. भांडणंसुद्धा पुळणीसाठी राखून ठेवलेली असत. बहुतेक वेळा तिथे पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच दोघांना आठवत नसे, मग ते डोकं लावून आठवायला बसत.

मी जरा मागे बसून ऐकत होते. बोलणं तरी काय? काजूला मोहोर कसा आहे, पलीकडच्या म्हशीने दूध का आटवलं, उद्या कुळथाची पिठी करायची की वालीची भाजी. जगाला सुसरी आणि गोचिडी विकणारा हा माणूस बायकोशी बोलताना एक अक्षर खोटं बोलत नव्हता. मला ते बघून फार बरं वाटलं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. आमच्या घरात दोघांचेही कान ठणठणीत आहेत, पण आमचं बोलणं गॅस बुक केला का आणि किल्ली कुठे ठेवलीस यापलीकडे फारसं जात नाही.

सगळं असंच चाललं असतं. पण एका रविवारी काही पोरं काकांना न विचारताच डोंगराकडून उतरली, मोठा स्पीकर लावून त्यांनी कोणाचा तरी वाढदिवस साजरा केला आणि केकची खोकी वाळूत टाकून गेली. काकांनी ती खोकी उचलली, घरी येऊन अंघोळ केली आणि आता काहीतरी जालीम करायचं असं ठरवलं. सुसर बघायला लोक उलट जास्त येतील. भूत म्हणावं तर मावशीला भुताची एवढी भीती की ती स्वतःच पुन्हा पुळणीवर पाय टाकणार नाही. खूप विचार करून त्यांनी राखणदार निवडला. आमच्याकडे जागेची राखण करणारा एक अदृश्य धनी असतो. तो कोणाला उगाच त्रास देत नाही, पण त्याच्या हद्दीत गैरवागणूक चालत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात बसून काका इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "काल तिन्हीसांजेक पुळणीर कोणतरी उभो होतो. उंच. खांद्यार कांबळा, हातात काठी. चालत गेलो, पण वाळूत पावलां उठली नाय."

चहाचे पेले थबकले. काका समाधानाने घरी आले. आता महिनाभर तिकडे कोणी फिरकत नाही, असं त्यांनी मावशीला पुळणीवर सांगितलं. जिल्ह्यातली सगळी खोरी पाठ असलेल्या या माणसाला आपलं गाव मात्र कळलं नव्हतं. भूत दिसलं म्हटलं तर आमचा माणूस वाट बदलतो. राखणदार दिसला म्हटल्यावर तो घरी जाऊन नारळ शोधतो.

दुसऱ्याच सकाळी पुळणीवरच्या एका दगडापाशी नारळ, केळी आणि विडीकाडी ठेवलेली होती. पुढच्या मंगळवारी उदबत्त्या आल्या. मग उपसरपंचांची हरवलेली गाय तळ्याच्या वरच्या अंगाला सापडली आणि पुढचं काही काकांच्या हातात राहिलं नाही. ज्याला त्याला गुण येऊ लागला. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाचा वांझ फणस धरला, कोणाच्या भाऊबंदांनी अडवलेली पायवाट सोडली. पलीकडच्या वाडीतून माणसं येऊ लागली, मग पलीकडच्या गावातून. दगडाला शेंदूर लागला. मंगळवार-रविवार तर पुळणीवर जत्रा. आणि जो येई तो वाटेत काकांच्या घरी थांबून, तो नेमका कसा दिसला, कुठे उभा होता, हे विचारून जाई. त्यांना वाट चुकवणं शक्यच नव्हतं. सगळे या भागातलेच. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "गो, माझो राखणदार माझ्यारच उलाटलो," ते म्हणाले. मी फोनवरच पोट धरून हसले. मग ते म्हणाले की मावशी आता पुळणीवर येत नाही, आणि माझं हसू थांबलं.

त्या गर्दीत मावशीच्या कानातलं मशीन नुसतं शिट्ट्या मारायचं. दोन-तीनदा ती गेली, मग मशीन काढून घरीच बसू लागली. काकांनी घरात मोठ्याने बोलून बघितलं. त्यामुळे एवढंच झालं की त्या घरातला संसार सगळ्या वाडीला कळू लागला. आमटीत मीठ जास्त पडलंय, हे काका ओरडून सांगत आणि शेजारीण कुंपणावरून तिच्या घरची आमटी पाठवू का म्हणून विचारी. मावशीला मात्र काका रागावलेत एवढंच दिसे, कारण ओरडताना माणसाचा चेहरा रागावल्यासारखाच होतो. ती आत जाऊन बसे. हळूहळू काकांनी ओरडणं सोडलं आणि मग बोलणंही. मी एकदा जाऊन आले, तर दोघं एकाच पडवीत दोन टोकांना बसलेली.

मी काकांना म्हटलं, खरं काय ते सांगून टाका. थोडं हसू होईल आणि प्रकरण मिटेल. ते म्हणाले की वरच्या वाडीतली एक म्हातारी नातवाचा ताप उतरल्यावर एवढा डोंगर उतरून आली, दगडासमोर पदर पसरून रडली, तिला मी काय सांगू? चहाच्या दुकानात बसून मी तो बनवलाय म्हणून?

तेवढ्यात गावाची बैठक बसली. राखणदाराने एवढी राखण केली, तर त्याला उन्हापावसात ठेवणं बरं नव्हे, असं ठरलं. सिमेंटचा चबुतरा, वर पत्र्याची शेड, गाड्यांसाठी काजूच्या मळ्यातून पुळणीपर्यंत रस्ता आणि भजनासाठी भोंगा. उपसरपंच मनापासून राबत होते. गाय त्यांची होती, त्यांच्या भक्तीत काही खोट नव्हती. काम सुरू करायच्या आधी रीतीप्रमाणे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे एकाने देवाला उद्देशून मागणं बोलायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, म्हणजे ते देवापर्यंत पोचतं. आणि एकदा 'व्हय म्हाराजा' म्हटलं की ते सगळ्या गावावर बंधनकारक. गाऱ्हाणं घालण्याचा मान गावच्या मानकऱ्यांचा. पण ते म्हातारे गृहस्थ उभे राहिले आणि काकांकडे बघून म्हणाले की तो तुम्हाला दिसला, तेव्हा तुम्हीच घाला.

त्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. मावशीला हाताला धरून आणलं होतं आणि आम्ही बायकांमध्ये उभ्या होतो. उंडीखाली सिमेंटच्या गोण्या आणून ठेवल्या होत्या. काका दगडापुढे नारळ घेऊन उभे राहिले. वर्गात आवाज चढवायची कधी वेळ न आलेला तो माणूस पहिल्यांदा जरा अडखळला. मग त्यांनी सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत. खंय काय चुकला-माकला असात ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"तुका जशी ही जागा आवाडली, तशीच ती रवांदे. हयसर सिमीटाचा एक घमेलासुद्धा उतराक नको."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. हा सूर तोंडात इतका बसलेला असतो की शब्द मागाहून कळतात. उपसरपंचही म्हणाले आणि मग त्यांनी गोण्यांकडे बघितलं. पण काका थांबले नाहीत. गाडी मळ्याच्या अलीकडे येऊ नये. व्हय म्हाराजा. भोंगा लागू नये. व्हय म्हाराजा. हयसर कोणी मोठ्याने बोलू नये, आणि जो बोलेल त्याला सुबुद्धी दे. व्हय म्हाराजा. माणसं एकमेकांकडे बघत होती आणि होकार देत होती. मी पदराआड हसू दाबत होते. आता नारळ फुटणार, म्हणून सगळे सरसावले.

काकांनी नारळ खाली ठेवला नाही. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आणि म्हाराजा, माझ्या घरकारणीच्या कानात जो थोडोसो आवाज रवलोहा, तेवडो तरी तिका ठेव."

आधी मानकऱ्यांनी हात जोडले आणि त्यांच्यामागून सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." सगळ्यांबरोबर मावशीही म्हणाली. काय मागितलं ते तिला ऐकू आलं नव्हतं, पण देवाला होकार द्यायचा तेव्हा तो द्यायचाच. मग तिने मला कोपराने ढोसून विचारलं, "काय मागल्यानी गो?" मी नुसतं काकांकडे बोट दाखवलं. स्वतः बनवलेल्या, चहाच्या दुकानात उभ्या केलेल्या त्या देवापुढे काका हात जोडून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर खोटेपणाचा मागमूसही नव्हता.

माणसं हळूहळू पांगली. गोण्या परत डोक्यावर चढल्या आणि पुढे शाळेच्या कुंपणाला लागल्या. पुळण पुन्हा मोकळी झाली. मावशीने मशीन नीट बसवलं आणि काकांना विचारलं, "तुमी शेवटाक काय मागलांत?" काकांनी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिने त्यांच्याकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "सगळा माझ्यासाठी? स्वतासाठी कायच मागाक नाय?"

"ता माझ्याचसाठी मागलंय," काका म्हणाले. "तुज्याबगर माझा आयकता कोण?"

मी उठून केळीची पानं गोळा करायच्या निमित्ताने लांब गेले.

पुळण अजून तशीच आहे. काका आता कोणाला वाट चुकवत नाहीत. लोक येतात, गाडी मळ्याच्या बाहेर लावून चालत येतात, नारळ ठेवतात आणि कुजबुजत परत जातात. बाहेरचे लोकही आधीच्यांना गप्प बघून गप्प होतात. स्कूटरवरून मासे विकणारी आमच्या भागातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई दुपारची तिथे येऊन बसते. घशाला आराम पडतो म्हणते.

या मे महिन्यात मी गेले तेव्हा मावशीचे कान आणखी उतरले होते. डॉक्टरांनी मशीन बदलून दिलं आहे, पण फार आशा ठेवू नका असंही सांगितलं आहे. संध्याकाळी आम्ही तिघं पुळणीवर गेलो. तिथे दुसरं कोणीही नव्हतं. काका मावशीच्या अगदी कानाला तोंड लावून, हलक्या आवाजात काहीतरी सांगत होते. तिला ते कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच हलक्या आवाजात. ती मान हलवून तेच हसू हसली. काकांनी एक शेंग सोलून तिच्या हातावर ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, हयसर आता कोण नाय. जरा मोठ्यान बोला मां."

काकांनी वळून त्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे बघितलं.

"तो आसा मां," ते म्हणाले, आणि पुन्हा तिच्या कानाशी वाकले.